कव्हर

रविवारी संध्याकाळी सात वीसला
काळाचौकीच्या हॉलमध्ये तिसरा, निर्णायक गेम चालू असताना
साइट बसली.

मी अंपायरच्या खुर्चीत. बोलायचं नाही, हलायचं नाही.
मागच्या रांगेतून फोन पुढे आले, कुजबुज आली,
खानविलकर बाई, स्कोअर दिसत नाहीये.
तिकडे सावंतवाडीत एक बाप लेकीचा गेम बघत होता,
म्हणजे आकडे बघत होता, बोर्ड संपला की एक आकडा.
त्याला पांढरं पान दिसलं
आणि मर्यादा संपल्याची एक इंग्रजी ओळ.

मर्यादा मी ओलांडलीच नव्हती.
त्याच मशीनवर कुणाचा तरी साड्यांचा सेल लागला होता.
कंपनीच्या चॅटवर कुणीतरी, किंवा कुणीच नाही, म्हणालं
वरचा प्लॅन घ्या.

अकरा वर्षं मी तिथे भाडं भरतेय.
बबन तुळसकरचा व्हाइट स्लॅम तिथे आहे,
करी रोड, उपांत्य फेरी. समोरच्याला स्ट्रायकरसुद्धा हाती आला नाही.
बबन गेला. त्याचा स्लॅम कुठल्या शहरातल्या कुठल्या तबकडीवर आहे
हे मला कुणी सांगत नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

अल्ताफ मुकादम ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये नाइट करतो,
डावखुरा, बॅकशॉटला भलताच घातक.
म्हणाला, बाई, स्वतःचा सर्व्हर घ्या.
लगेच म्हणाला, नका घेऊ.
चहा संपवून म्हणाला,
रात्री तीनला कोण उठणार एवढं ठरवा, बाकी सगळं शिकता येतं.

मला चाळ आणि फ्लॅटची उपमा सुचली होती,
सामाईक नळ, स्वतःचा नळ, वगैरे.
खोडली. नळ बिघडला तर प्लंबर येतो.

जुन्या स्कोअरशीटच्या पाठीवर उभी रेघ मारली.
डावीकडे लिहिलं: अपडेट, बॅकअप, सर्टिफिकेटची तारीख,
फायरवॉल अल्ताफला विचारणे, गुडघा.
गुडघा कशाला लिहिला कोण जाणे,
पण तोही माझा मीच सांभाळते.
उजवीकडे फक्त: सात वीस.

दोन दिवस कागद फ्रिजवर. मग एका महिन्यापुरता
सगळ्यात लहान सर्व्हर घेतला.
जुनंही चालू ठेवलं. नाव अजून तिकडेच वळतं,
ह्याचा पत्ता फक्त मला आणि अल्ताफला माहीत.

काळी खिडकी, एक लुकलुकती रेघ.
सरावाहून आले होते, बोटांना पावडर तशीच,
कळा पांढऱ्या झाल्या.
बबनचा स्लॅम पहिल्यांदा नेला. चालला.

रात्री तीनला जाग आली. काही बिघडलं नव्हतं.
उगाच नोंदी उघडल्या:
चारशे बारा वेळा कुणीतरी दार वाजवून गेलेलं.
रूट म्हणून, अ‍ॅडमिन म्हणून, टेस्ट म्हणून,
एकदा तर गेस्ट म्हणून, पाहुण्यासारखं.
ज्या पत्त्यावर अजून माझी पाटीसुद्धा नाही, त्या पत्त्यावर.

घाबरले. मग वाटलं, हे तिकडेही येतच असणार,
अकरा वर्षं, रोज रात्री.
ऐकणारं दुसरं कुणीतरी होतं.
त्याला मी एकदाही थँक्यू म्हटलं नाही,
भाडं तेवढं महाग म्हटलं.

खाली भाजीचा टेम्पो लागला, परळच्या दिशेने कुत्री भुंकली.
पासवर्ड बदलून किल्ली लावायची कशी, अल्ताफने लिहून दिलं होतं.
चष्मा शोधला. एकेक ओळ, मोठ्याने वाचत, केलं.

गुरुवारी जुन्याची मुदत संपते.
भरेन बहुतेक, एक वर्ष अजून.
किंवा बुधवारी रात्री नाव इकडे वळवेन.

राणी खिशात गेली आहे, एवढं खरं.
कव्हर मिळालं नाही तर ती परत मधल्या वर्तुळात येते.
त्यात लाजण्यासारखं काही नसतं.
चांगल्या चांगल्यांची
मी माझ्या हाताने परत ठेवली आहे.